मायलेकांचा पैसा

पैसा शाप की वरदान, या विषयावर शाळेत निबंध लिहिला नाही असा माणूस आपल्यात विरळाच. त्या निबंधाचा साचाही ठरलेला असे. आधी पैशाचे गुण, मग दोष, आणि शेवटी पैसा हे साध्य नसून साधन आहे हे वाक्य! ते वाक्य मीही लिहिले आणि त्याला गुणही मिळविले. पण त्याचा अर्थ मनात उतरला तो पुष्कळ वर्षांनी, एका अमेरिकन गृहस्थाचे चरित्र वाचताना. हे गृहस्थ साधुसंत नव्हते, समाजसुधारकही नव्हते. एका गडगंज श्रीमंत बाईचा हा एकुलता एक मुलगा. जुनी नाणी, जुन्या नोटा आणि पोस्टाची तिकिटे यांवर त्यांनी पाण्यासारखा पैसा ओतला. त्यांचे नाव कर्नल एडवर्ड हाउलंड रॉबिन्सन ग्रीन.

जुनी नाणी जमविण्याचा थोडाफार नाद मलाही आहे. ओळखीच्या घरांतल्या देवघरातील डब्यांतून निघालेल्या चार शिवराया आणि काही भोकाचे पैसे एवढीच माझी दौलत. तेव्हा या नादातल्या राजाविषयी मला कुतूहल वाटावे यात नवल नाही. परंतु जसजसे वाचत गेलो, तसतसे माझे लक्ष नाण्यांवरून उडून त्यांच्या आईकडे जाऊ लागले. कारण त्या आईला वगळून या मुलाची कथा सांगताच येत नाही.

आईचे नाव हेटी. जन्म १८३४ चा, अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील न्यू बेडफर्ड या बंदराच्या गावी. घराणे क्वेकर पंथाचे, म्हणजे राहणी साधी आणि हिशेब चोख. त्या काळी खनिज तेल आले नव्हते. दिव्यांत देवमाशाचे तेल जळत असे आणि देवमाशांची शिकार करणारी जहाजे न्यू बेडफर्डहून जगभर जात. हेटीच्या आजोळचे हाउलंड घराणे या धंद्यातले मातब्बर. मुलगी लहान असतानाच आजोबांना आणि वडिलांना वर्तमानपत्रातले बाजारभाव वाचून दाखवू लागली. आपल्याकडे मुली परवचा म्हणतात त्या वयात हिला रोख्यांचे आणि शेअरांचे भाव पाठ झाले होते.

१८६५ साली वडील वारले आणि मोठी संपत्ती तिच्या वाट्याला आली. अमेरिकेतले यादवी युद्ध त्याच वर्षी संपले होते. त्या युद्धाच्या खर्चासाठी सरकारने १८६१ पासून कागदी नोटा काढल्या होत्या. मागची बाजू हिरव्या शाईत छापलेली म्हणून लोक त्यांना ग्रीनबॅक म्हणत. या नोटांवर लोकांचा विश्वास नव्हता. १८६४ च्या उन्हाळ्यात तर कागदाच्या एका डॉलरला सोन्याचे चाळीस सेंटही मिळत नव्हते. युद्धानंतरही भाव लवकर सावरला नाही आणि लोक मिळेल त्या किमतीला नोटा व सरकारी रोखे विकत होते. हेटीबाईंनी नेमके तेच विकत घेतले. सरकार आज ना उद्या शब्द पाळणार, एवढाच त्यांचा अदमास होता. १ जानेवारी १८७९ पासून सरकारने कागदी डॉलरच्या बदली सोन्याचा पुरा डॉलर देण्यास सुरुवात केली आणि हेटीबाईंचा अदमास खरा ठरला. पडत्या भावात घ्यायचे, घाई करायची नाही आणि कर्ज काढायचे नाही, ही त्यांची आयुष्यभराची रीत.

१८६७ साली त्यांचे एडवर्ड ग्रीन या व्यापाऱ्याशी लग्न झाले. ही मंडळी काही वर्षे लंडनला राहिली आणि तेथेच २२ ऑगस्ट १८६८ रोजी मुलगा झाला. घरात त्याला नेड म्हणत. १८७१ साली मुलगी झाली, तिचे नाव सिल्व्हिया. पुढे कुटुंब अमेरिकेत परतले आणि नवऱ्याच्या गावी, व्हरमाँट राज्यातील बेलोज फॉल्स येथे, राहू लागले. १८८५ साली नवऱ्याच्या सट्ट्याची देणी हेटीबाईंच्या गळ्यात पडली. तेव्हापासून त्यांनी आपला हिशेब वेगळा केला आणि बव्हंशी संसारही.

या बाईंच्या चिक्कूपणाच्या कथा अमेरिकेत अजून सांगतात. एकच काळा झगा वर्षानुवर्षे वापरणे, न्यूयॉर्कच्या एका बँकेत फुकट मिळालेल्या जागेत बसून कोट्यवधींचे व्यवहार करणे, कर चुकविण्यासाठी स्वस्तातल्या भाड्याच्या खोल्या बदलत राहणे. वर्तमानपत्रांनी त्यांना वॉल स्ट्रीटची चेटकीण ठरविले. त्या कथांतली सर्वांत भयंकर कथा नेडच्या पायाची.

नेड लहान असताना बर्फावरच्या घसरगाडीवरून पडला आणि त्याच्या गुडघ्याला इजा झाली. दुखणे बरे होईना. आईने फाटके कपडे घालून, आपण गरीब असल्याचे सोंग करून, मुलाला धर्मार्थ दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी ओळखले आणि पैसे मागितले, तेव्हा ती मुलाला घेऊन चालती झाली. उपचारांची हेळसांड झाली आणि विसाव्या वर्षाच्या सुमारास नेडचा डावा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. कथा सांगतात ती अशी. ती वाचून मला प्रथम या बाईंचा तिटकारा आला. पण नंतरच्या चरित्रकारांनी दाखवून दिले आहे, की हेटीबाईंनी मुलाला एका डॉक्टरकडून दुसऱ्या डॉक्टरकडे पुष्कळ फिरविले होते आणि घरीही शुश्रूषा केली होती. त्या काळच्या वैद्यकाला तो गुडघा बरा करता आला असता की नाही, हेही सांगणे कठीण. पैसे वाचविण्याचा प्रयत्न झाला असेल, पण मुलाची माया नव्हती असे म्हणवत नाही. आणि आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. वॉल स्ट्रीटवर काटकसर करणाऱ्या पुरुषाला लोक धोरणी म्हणत आणि तेच करणारी बाई मात्र चेटकीण ठरे. १९०७ साली अमेरिकेत मोठी आर्थिक घबराट माजली तेव्हा खुद्द न्यूयॉर्क शहराला ११ लाख डॉलरचे कर्ज देणारी हीच चेटकीण होती!

ते काही असो, नेडचा पाय गेला. सहा फूट चार इंच उंचीचा, पुढे अवाढव्य वजन वाढलेला हा माणूस उरलेले आयुष्य लाकडी पायावर चालला. जगातील अत्यंत श्रीमंत घरातला मुलगा, पण पैशाने विकत घेता येत नाही असे काही असते हे त्याला विशीतच कळले. त्याच्या पुढच्या साऱ्या खरेदीकडे पाहताना मला हा पाय आठवतो.

आईने मुलाला कामाची शिस्त लावली. टेक्सास राज्यात तिने एक मोडकळीस आलेली छोटी रेल्वे घेतली होती. ती चालविण्यासाठी १८९३ साली चोवीस वर्षांचा नेड टेरेल या गावी आला. आता त्याला अरेतुरे करणे बरे नव्हे, कारण टेक्सास मिडलंड रेल्वेचे हे नवे अध्यक्ष कामात कच्चे निघाले नाहीत. त्यांनी मार्ग वाढविला, रूळ व डबे सुधारले आणि एक लहानशी पण नमुनेदार रेल्वे उभी केली. यंत्रांचे त्यांना विलक्षण वेड. १८९९ साली त्यांनी टेरेलहून डॅलसपर्यंत मोटारगाडी नेली, तेव्हा टेक्सासच्या लोकांनी असले वाहन पाहिलेच नव्हते. तीसेक मैलांना पाच तासांच्या आसपास वेळ लागला, पण रस्त्याच्या कडेला बघ्यांची झुंबड उडाली. राजकारणातही ते पडले आणि रिपब्लिकन पक्षाचे राज्यातले पुढारी झाले. टेक्सासच्या गव्हर्नरने त्यांना मानद कर्नलपद दिले. लढाई पाहिलेली नसताना मिळालेली ही पदवी त्यांना एवढी आवडली की पुढे जन्मभर ते कर्नल ग्रीनच राहिले.

टेक्साससारख्या दूरच्या राज्यात राहूनही आईचा शब्द त्यांनी एका बाबतीत मोडला नाही. मेबल हार्लो या स्त्रीवर त्यांचे अनेक वर्षांचे प्रेम. आईला ते पसंत नव्हते, म्हणून त्यांनी लग्न केले नाही. ३ जुलै १९१६ रोजी हेटीबाई वारल्या. त्यांची संपत्ती सुमारे १० कोटी डॉलर असावी असा अंदाज होता, आणि ती दोन मुलांत वाटली गेली. त्यानंतर वर्षभरातच, जुलै १९१७ मध्ये, कर्नलसाहेबांनी मेबलशी लग्न केले. नवरदेवाचे वय तेव्हा ४८ होते.

धरणाचे दार उघडावे तसे यानंतर झाले. जी आई एकेक सेंट मोजीत आली, तिचा मुलगा हजारांनी उधळू लागला. मात्र ही उधळण जुगाराची नव्हती. कर्नलसाहेबांना वस्तू हव्या होत्या. न्यूयॉर्कच्या नाण्यांच्या आणि तिकिटांच्या व्यापाऱ्यांकडे ते जात आणि एखाददुसरी वस्तू न घेता ढीगच्या ढीग उचलीत. आपल्यासारखा संग्राहक एक नाणे मिळाले की हरखून जातो. कर्नलसाहेबांना एकाच प्रकारची अनेक नाणी लागत.

पोस्टाच्या तिकिटांची गोष्ट जगप्रसिद्ध आहे. मे १९१८ मध्ये अमेरिकेत विमानाची टपाल सुरू झाली आणि त्यासाठी २४ सेंटांचे तिकीट निघाले. लाल चौकटीत निळे विमान. एका गिऱ्हाइकाला वॉशिंग्टनच्या टपालकचेरीत शंभर तिकिटांचे असे एक पान मिळाले की त्यात प्रत्येक विमान उलटे छापले गेले होते. चोवीस डॉलरला घेतलेले ते पान त्याने फिलाडेल्फियाच्या एका व्यापाऱ्याला १५,००० डॉलरला विकले आणि त्या व्यापाऱ्याने काही दिवसांतच कर्नल ग्रीन यांना २०,००० डॉलरला. कर्नलसाहेबांनी पान फोडले, काही तिकिटे स्वतःकडे ठेवली आणि बरीचशी विकू दिली. एक तिकीट मात्र लॉकेटमध्ये बसवून त्यांनी पत्नीला दिले. ते लॉकेट अजून आहे.

पण माझ्यासारख्याच्या जिवाला चटका लावणारी गोष्ट आहे ती पाच निकलांची. अमेरिकेत पाच सेंटांच्या नाण्याला निकल म्हणतात. १८८३ पासून १९१२ पर्यंत या नाण्यावर स्वातंत्र्यदेवीचे मस्तक असे. १९१३ साली नवे नाणे आले, एका बाजूला रेड इंडियनाचे मुख आणि दुसऱ्या बाजूला गवा. म्हणजे १९१३ साल कोरलेले देवीचे निकल असायलाच नको. टांकसाळीच्या दप्तरात त्याची नोंदही नाही. तरीदेखील अशी पाच नाणी आहेत! डिसेंबर १९१९ मध्ये सॅम्युएल ब्राउन या गृहस्थाने नाण्यांविषयीच्या एका मासिकात जाहिरात दिली, की असे नाणे कोणी आणून दिल्यास आपण ५०० डॉलर देऊ. आणि पुढच्याच वर्षी शिकागोच्या नाणेसंग्राहकांच्या संमेलनात त्याने स्वतःच ते दाखविले. हा ब्राउन पूर्वी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत नोकरीला होता. यावरून जो तर्क करायचा तो लोकांनी केला, पण आजवर काही सिद्ध झालेले नाही. १९२० नंतरच्या दशकात ही पाचही नाणी हातोहात फिरत कर्नल ग्रीन यांच्याकडे आली.

पुढचा भाग गमतीचा आहे. टेक्सासमधील फोर्टवर्थचे मॅक्स मेल नावाचे नाण्यांचे व्यापारी होते. १९१३ चे देवीचे निकल आणून देणाऱ्यास ५० डॉलर देऊ, अशी जाहिरात त्यांनी वर्षानुवर्षे देशभर चालविली. आर्थिक मंदीचे दिवस होते, लाखो लोक बेकार होते. दुकानदार गल्ला उपसून पाहत, ट्रामचे कंडक्टर पिशवीतली मोड चाचपीत, पोरे आईच्या बटव्यातले पाच सेंट उलटसुलट करून साल वाचीत. सारा देश ज्या नाण्यासाठी खिसे धुंडाळत होता, ती पाचही नाणी एकाच माणसाच्या पेटीत निवांत पडली होती. मेल यांचा मात्र धंदा झाला. त्यांच्या माहितीपुस्तिका खपल्या आणि हजारो सामान्य अमेरिकनांना जुनी नाणी पाहण्याचा नाद लागला. न सापडणाऱ्या नाण्याने संग्राहकांची एक पिढी घडविली असे म्हटले तरी चालेल.

नाण्यांइतकाच कर्नलसाहेबांचा जीव जुन्या नोटांवर होता. येथे अमेरिकेच्या नोटांविषयी थोडे सांगायला हवे. यादवी युद्धापूर्वी तेथे सरकारी नोटा जवळजवळ नव्हत्याच. गावोगावच्या बँका आपापल्या नोटा छापीत. कोणाच्या नोटेवर आगगाडी, कोणाच्या नोटेवर गाय, कोणाच्या नोटेवर शेतकऱ्याची पोर. बँक बुडाली की नोट रद्दी. खऱ्याखोट्या नोटा ओळखण्यासाठी व्यापारी छापील पुस्तके जवळ बाळगीत. १८६३ साली कायदा झाला आणि राष्ट्रीय बँका आल्या. त्यांच्या नोटांचा नमुना सरकारने ठरविलेला, पण बँकेचे व गावाचे नाव प्रत्येक नोटेवर वेगळे. पुढच्या सत्तर वर्षांत बारा हजारांहून अधिक बँकांनी अशा नोटा काढल्या. एखाद्या आडगावाचे नाव नकाशावर शोधूनही सापडू नये, पण ते पाच डॉलरच्या नोटेवर सुबक अक्षरांत छापलेले असावे, असा तो काळ. आपल्या नोटेवर मराठी आणि कानडी अक्षरे शेजारीशेजारी वाचायची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना त्यातली मौज लगेच कळेल. नोटेवर आपले नाव असणे ही साधी गोष्ट नसते. १९२९ साली नोटांचा आकार लहान झाला आणि १९३५ मध्ये राष्ट्रीय बँकांच्या नोटा बंद झाल्या. परत आलेल्या जुन्या नोटा सरकार नष्ट करीत असे. ज्या उरल्या त्या कोणीतरी ठेवल्या म्हणून. अशा ठेवणाऱ्यांत कर्नल ग्रीन अग्रभागी होते.

मला इथे थांबून विचार करावासा वाटतो. ज्या हिरव्या नोटा आईने पडत्या भावात घेतल्या, तशाच नोटा मुलाने चढ्या भावाने घेतल्या. आईच्या दृष्टीने नोट म्हणजे सरकारचा शब्द. तो पुरा झाला की नोटेचे काम संपले. तिच्यावरचे चित्र कसे आहे हे हेटीबाईंनी कधी न्याहाळून पाहिले असेल असे वाटत नाही. मुलाच्या दृष्टीने शब्दाला किंमत नव्हती. बँक बुडालेली असली तरी नोट सुंदर होती, तिच्यावर गावाचे नाव होते, कारकुनाची वळणदार सही होती. एकाच नाण्याच्या दोन बाजू म्हणतात त्या अशा! नाण्याच्या एका बाजूला किंमत असते आणि दुसऱ्या बाजूला चेहरा. आईने किंमत पाहिली, मुलाने चेहरा पाहिला. खुद्द अमेरिकेच्या सरकारनेही हा भेद मानला. एप्रिल १९३३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी नागरिकांनी आपले सोने सरकारजमा करावे असा हुकूम काढला, तेव्हा संग्राहकांच्या दृष्टीने विशेष मोल असलेली दुर्मिळ सोन्याची नाणी त्यातून वगळली होती.

कर्नलसाहेबांचा दुसरा चेहरा दिसतो तो राउंड हिल येथे. मॅसॅच्युसेट्समध्ये साउथ डार्टमथजवळ समुद्रकाठी आजोळची जुनी जमीन होती. तेथे त्यांनी दगडी वाडा बांधला. १९२३ साली स्वतःचे रेडिओ केंद्र सुरू केले आणि मोठे कर्णे लावून कार्यक्रम सर्वांना फुकट ऐकू येतील अशी सोय केली. घरोघरी रेडिओ नव्हते. आसपासचे हजारो लोक मोटारी घेऊन येत आणि हिरवळीवर बसून न्यूयॉर्कचे गाणे ऐकत. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विख्यात संस्थेच्या शास्त्रज्ञांना त्यांनी प्रयोगांसाठी ही जागा आणि साधने दिली. विमानांसाठी धुके कसे हटवावे याचे प्रयोग तेथे झाले. रॉबर्ट व्हॅन डी ग्राफ यांनी लाखो व्होल्टांची वीज निर्माण करणारे प्रचंड यंत्र १९३३ साली तेथल्याच हवाई जहाजाच्या शेडमध्ये चालवून दाखविले. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना या यंत्राचे नाव पाठ्यपुस्तकात भेटते. ते मूळ यंत्र पुढे बोस्टनच्या विज्ञान संग्रहालयात गेले.

आणि एक जहाज. चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन हे देवमाशांच्या शिकारीचे लाकडी जहाज १८४१ साली न्यू बेडफर्डला बांधले गेले. ऐंशी वर्षांत त्याने ३७ सफरी केल्या. आजोळची हाउलंड कंपनी एके काळी या जहाजाची मालक होती. १९२१ मध्ये शेवटची सफर झाल्यावर ते मोडीत जायच्या बेतात होते. १९२५ साली कर्नलसाहेबांनी ते राउंड हिलला आणून नीट बसविले आणि लोकांना पाहायला मोफत खुले केले. ज्या धंद्यातून घराण्याची संपत्ती आली, त्या धंद्याची शेवटची खूण त्यांनी वाचविली.

८ जून १९३६ रोजी लेक प्लॅसिड येथे कर्नल ग्रीन वारले. वय ६७. बेलोज फॉल्सच्या दफनभूमीत आईवडिलांजवळ त्यांना पुरले. मागे चार कोटी डॉलरहून अधिक मालमत्ता राहिली आणि लगेच नवा तंटा उभा राहिला. टेक्सास, न्यूयॉर्क, फ्लॉरिडा आणि मॅसॅच्युसेट्स ही चार राज्ये म्हणू लागली, की कर्नल आमचेच रहिवासी, तेव्हा वारसाकर आम्हालाच मिळाला पाहिजे. चौघांचे म्हणणे मान्य केले असते, तर केंद्राच्या करासह सारी मालमत्ता करातच संपली असती. खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि मार्च १९३९ मध्ये निकाल लागला, की कर्नलसाहेबांचे खरे घर मॅसॅच्युसेट्समध्ये. आईने कर चुकविण्यासाठी बिऱ्हाडे बदलली, आणि मुलाच्या मागे करासाठी चार राज्ये भांडली. दैवाचा हा हिशेब हेटीबाईंनाही सुचला नसता.

मृत्युपत्राप्रमाणे संपत्ती बहिणीला, सिल्व्हियाला मिळाली. संग्रहासाठी कर्नलसाहेबांनी संग्रहालय उभारले नव्हते. तिकिटांचे लिलाव पुढे कित्येक वर्षे चालले. नाणी आणि नोटा व्यापाऱ्यांकडे गेल्या. सेंट लुईसचे तरुण वकील एरिक न्यूमन आणि त्यांचे ज्येष्ठ स्नेही, नाण्यांचे व्यापारी जॉन्सन, यांनी पाच निकलांसह बराच माल घेतला. मग ती पाच भावंडे पांगली. एक काही काळ इजिप्तचा राजा फारूक याच्याकडे होते. एक वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात गेले. एकाचा मालक १९६२ साली मोटार अपघातात दगावला. नाणे खोटे असल्याचे कोणीतरी सांगितले म्हणून ते चाळीस वर्षे त्याच्या बहिणीच्या कपाटात पडून होते. २००३ साली बाल्टिमोरला पाचही नाणी शेजारीशेजारी ठेवून तज्ज्ञांनी पाहिली आणि ते खरे ठरले. २०१३ मध्ये त्याला ३१ लाख डॉलरहून जास्त किंमत आली. न्यूमन १०६ वर्षे जगले आणि २०१७ साली वारले. त्यांनी आपला संग्रह २०१३ पासून विकायला काढला आणि पैसा सत्कार्याला लावला. त्यांच्याच देणगीतून नाणकशास्त्राचे ग्रंथ व लिलावांच्या याद्या जगातील कोणालाही फुकट वाचता येतील अशी सोय झाली आहे.

मॉर्गन जहाज १९४१ साली कनेक्टिकट राज्यातील मिस्टिक येथील सागरी संग्रहालयात नेले. २०१४ च्या उन्हाळ्यात ते पुन्हा शिडे उभारून समुद्रात गेले आणि न्यू बेडफर्डला, आपल्या जन्मगावी, जाऊन आले. सिल्व्हिया १९५१ साली निपुत्रिक वारली. साठांहून अधिक जणांत आणि संस्थांत तिची संपत्ती वाटली गेली. शाळा, दवाखाने, देवळे, ग्रंथालये. हेटीबाईंनी सेंटासेंटाने जमविलेला पैसा अखेर अशा लोकांच्या हाती गेला, ज्यांतल्या बहुतेकांना त्यांनी पाहिलेही नव्हते.

आपल्या भाषेत पैशाला चलन म्हणतात. जे चालते ते चलन, आणि चालत नाही ते नाणे खोटे. या कसाला लावले तर मायलेकांपैकी कोणाचा पैसा खरा? आईचा पैसा चालत होता, पण घाण्याच्या बैलासारखा. बाहेर जाई आणि व्याज घेऊन पुन्हा तिथेच येई. मुलाने नाण्याला पेटीत बसविले आणि त्याचे चालणेच थांबविले. तरी मला मुलाचा राग येत नाही. त्याने थांबविले नसते तर त्या आडगावांच्या नोटा भट्टीत गेल्या असत्या आणि ते जहाज सरपणाला. ठेवणारा कोणीतरी लागतोच. पण ठेवणे हे अर्धे काम. कर्नलसाहेबांनी जे लोकांसाठी खुले केले, ते रेडिओचे कर्णे, ती प्रयोगशाळा, ते जहाज, त्याने त्यांचे नाव राखले. जे पेटीत ठेवले, त्याला जीव आला तो पेटी उघडल्यावर.

म्हणून ज्यांना ज्यांना हा नाद आहे त्यांना माझे एकच सांगणे आहे. घरच्या डब्यातली शिवराई जपून ठेवा, पण ती कोणी दिली, कोणत्या गावात मिळाली, हे एका चिठ्ठीवर लिहून तिच्याबरोबर ठेवा. आणि वर्षातून एकदा तरी धाकट्या भावंडांच्या तळहातावर ती ठेवून पाहा. बाजारात ते नाणे आता चालणार नाही. पण एका हातातून दुसऱ्या हातात जाणे, हे जे नाण्याचे खरे काम, तेवढे तरी त्याच्याकडून होईल.